लाख लावलेले दोन स्क्रू

मंगळवारी सकाळी सुताराच्या घरात रंध्यानं बोंब मारली, आणि पुढचे तीन दिवस त्या घरात दुसरा विषय म्हणून निघाला नाही.

रंधा म्हणजे तो लांब, लोखंडी. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या बापानं घेतलेला. घरात लाकडी रंधे आणखी दोन होते, पण ते आखूड. लांब फळीची कड सुतासारखी सरळ करायची तर हाच लागायचा. एरवी फळीवर फिरला की नवं कापड फाडल्यासारखा सर्रर्र आवाज. सून स्वयंपाकघरात असायची, तिला तो आवाज ऐकू येत असूनही ऐकू यायचा नाही. त्या दिवशी मात्र आला. कर्रर्र, डर्रर्र, डगडगडग! खडीच्या रस्त्यावरून कुणी लोखंडी पिंप गडगडत नेतंय जणू.

सुनेनं चहा गाळता गाळता हात थांबवला. "आई, ऐकलंत?"

"मी बहिरी नाही," सासू म्हणाली. "आणि तू चहा गाळ. उठलीस तर गाळण्यासकट जाशील."

सून गाळण्यासकट गेली. तिचं घरातलं नावच मुळी उचापत. लग्न होऊन आली त्या महिन्यात तिनं गजराचं घड्याळ उघडलं होतं. परत जोडल्यावर एक स्प्रिंग हातात उरली, तरी घड्याळ चाललं. वर पाच मिनिटं मागे पडायचं ते थांबलं. तेव्हापासून सासूनं शिलाई मशीनला कुलूप लावलं. सुनेनं कुलूप उघडलं, तेल घातलं आणि पुन्हा लावलं. सासूला कळलं ते कुलूप हलकं फिरायला लागलं म्हणून.

पडवीत मिस्त्री बाकाशी वाकून उभा होता आणि त्याचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. बाकावर कोठीची पहिली फळी. गिरणीवाल्याला धान्यासाठी चार लाकडी कोठ्या हव्या होत्या. पत्र्याच्या कोठीत धान्य तापतं, दमट होतं, असं त्याचं म्हणणं. पण सांधे असे हवेत की गहू सोडा, मोहरीसुद्धा गळता कामा नये. शुक्रवारी सकाळी तो पहिल्या दोन फळ्यांचा सांधा बघायला येणार होता. जमला तर चारही कोठ्या यांच्या.

सुनेनं फळीवर बोट फिरवलं. गुळगुळीत लागायला हवं तिथं बोट टकटक उड्या मारत गेलं. आडव्या बारीक लाटा उठल्या होत्या, ओल्या वाळूवर उठतात तशा.

"रंधा बिघडलाय," मिस्त्री म्हणाला.

मुलगा नुसता वडिलांच्या हाताकडे बघत राहिला. सुनेनं कप पुढे केला. मिस्त्रीनं घेतला आणि कपबशी किणकिण वाजायला लागली. हल्ली सहा महिने वाजतच होती. घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं एवढंच. चहा बशीत सांडला, बशीतून अंगठ्यावर आला.

"रंध्याचं काय बिघडणार, बाबा?" मुलगा म्हणाला. "लोखंड आहे ते. त्याला काय म्हातारपण येतंय?"

बोलून झाल्यावर त्यालाही ते फार टोचरं वाटलं असावं. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि फळीवरून सुटलेलं सालपट, दोन्ही परत चिकटत नाहीत. तो पुढे रेटत राहिला. "मी काय म्हणतो, मशीनवाल्याकडून फळ्या मारून आणू. तुम्ही आता बसा. चाळीस वर्षं उभे राहिलात. किती दिवस उभं राहणार?"

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. अंगठा धोतराला पुसला. "शुक्रवारपर्यंत मला रंधा बघू दे. दोष रंध्याचा नसला, माझ्या हाताचा निघाला, तर बाक तुझा. मी पुन्हा त्याला हात लावणार नाही. दारात बसेन, येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालेन."

"तसं नाही हो म्हणत मी..."

"मी म्हणतोय."

आतून सासूचा आवाज आला, "आणि दारात बसून दिवसभर माझं डोकं कोण खाणार, ते ठरलंय का?" पण तिच्याही आवाजात रोजची धार नव्हती.

दुपारी मिस्त्री जेवून आडवा झाला. सुनेनं कोपऱ्यातून एक रुंद, टाकाऊ फळी काढली, करवतीनं तिचे दोन तुकडे केले आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा याच्यावर रंधा मारा ना."

"कशाला?"

"मला पोळपाट करायचाय."

"हिचा पोळपाट?"

"तुम्ही मारा हो. प्रत्येक गोष्टीला कशाला काय विचारता?"

त्यानं मारला. बायकोनं जाणूनबुजून पाणी मागितलं, मग खिडकी लावायला सांगितली, मग सासूनं बोलावलंय म्हणून आत पिटाळलं. त्यामुळे फळीकडे नीट बघायला त्याला सवडच मिळाली नाही. तुकडा तिनं भुशाच्या पोत्यामागे सारला. तासाभरानं मिस्त्री उठला, त्याच्याकडून दुसरा तुकडा मारून घेतला. त्याला मात्र खरं सांगितलं. त्यानं रंधा उचलला.

संध्याकाळी तिनं दोन्ही तुकडे बाकावर शेजारी शेजारी मांडले आणि नवऱ्याला बोलावलं. मिस्त्री स्टुलावर बसला होता. सासू उंबऱ्यात.

"यातला एक बाबांनी मारलाय, एक तुम्ही. बाबांचा कुठला, ओळखा."

"त्यात काय ओळखायचं?" तो वाकला, डोळे बारीक केले, दोन्हींवर तळहात फिरवला. डावीकडचा तुकडा जास्त खरबरीत होता. त्यानं तो उचलला. "हा. बघ ना, स्पष्ट दिसतंय. हाताची थरथर कशी उतरलीय. बाबा, रागावू नका, पण हे बघा, इथं तर..."

"पालथा करा," सून म्हणाली.

त्यानं पालथा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: नवरोबा.

सासू पदर तोंडात कोंबून आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मिस्त्री हसला नाही. त्याचे खांदे मात्र दोन-तीनदा हलले. नवऱ्याचे कान शेंदरासारखे झाले. "ही काय थट्टा झाली का? मी घाईत मारला होता. तू तीन वेळा उठवलंस मला!"

"थट्टा तर झालीच. पण आता इकडे बघा." तिनं दोन्ही तुकडे उजेडाकडे तिरके धरले. "लाटा दोन्हीकडे आहेत. आणि दोन्हीकडे डाव्या बाजूला खोल, उजव्या बाजूला पुसट. हात थरथरला तर दर वेळी नेमका डावीकडेच थरथरेल? तोही तुमच्या दोघांचा?"

नवऱ्यानं तुकडे हातात घेतले. आता त्यानं खरंच पाहिलं. "लाकडाचा दोष असेल."

"फळी फिरवून मारा."

त्यानं फळीचं डावं टोक उजवीकडे केलं आणि मारला. कर्रर्र. पुन्हा डावीकडेच खोल. तो रंध्याकडे बघायला लागला, मोठ्या माणसांच्या बोलण्यात मधेच मांजर बोललं असतं तर बघितलं असतं तसा.

"मग रंध्याच्या पोटात आहे काहीतरी," सून म्हणाली आणि तिनं हात चोळले.

मिस्त्री स्टुलावरून उठला. "अजून काही सिद्ध झालेलं नाही," तो म्हणाला. पण रात्री त्यानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

बुधवारी रंध्याची तपासणी सुरू झाली. मिस्त्रीनं सगळं रीतसर केलं. पातं काढलं, दगडावर पाणी टाकून धार लावली. धार लावताना त्याचा हात स्थिर होता. दाब पडला की थरथर कुठे जायची कोण जाणे. सुनेनं ते टिपलं. मनगटावरचे केस घासले की निघतील अशी धार झाली. रंधा जोडला, मारला. डगडगडग.

मग पात्यावरची पट्टी. ती पात्याला नीट चिकटून बसली नाही की मधे सालपट अडकतं. पट्टी उजेडाला धरली. एका कोपऱ्यात केसभर फट होती. घासून ती घालवली. जोडला, मारला. डगडगडग.

मग तळ. गुण्याची, म्हणजे काटकोनी पट्टीची, कड लावून पाहिली, उभी, आडवी, तिरकी. तळ आरशासारखा.

"आता काय उरलं?" मुलानं विचारलं. तो काल संध्याकाळपासून भिंतीला टेकायचं विसरला होता.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. सगळं तपासून झालं होतं. एक एक आरोपी निर्दोष सुटत होता आणि मग पिंजऱ्यात उरत होता तो कोण, हे सगळ्यांनाच कळत होतं.

सून मात्र रंधा मांडीवर घेऊन बसली होती, तान्ह्या पोराचा कान दुखतोय का बघावा तशी. पातं ज्या लोखंडी उतरणीवर टेकतं त्या बैठकीच्या सांध्यात तिनं तेलाचा एक थेंब सोडला. तेल सांध्यात पसरून बारीक रेघ झाली. मग तिनं पात्याचा वरचा डावा कोपरा अंगठ्यानं दाबला.

तेलाची रेघ आत गेली. अंगठा सोडला. रेघ बाहेर आली.

तिनं पुन्हा दाबलं. आत. सोडलं. बाहेर.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे तेल श्वास घेतंय."

तिघांची डोकी रंध्यावर अशी वाकली की एकमेकांवर आपटली. उजवा कोपरा दाबला, तेल गप्प. डावा दाबला, तेल आत-बाहेर.

"बैठक हलतेय," मुलगा म्हणाला. "डाव्या अंगाला. खालचे स्क्रू ढिले झाले असतील. आवळून टाकू." तो पेचकस घ्यायला उठला.

"थांब!" मिस्त्री असा ओरडला की आत सासूच्या हातातली पळी थांबली.

पातं काढल्यावर बैठकीत दोन खळगे दिसत. त्या खळग्यांत स्क्रू. पण स्क्रूंची डोकी दिसत नव्हती, कारण दोन्ही खळगे काठोकाठ लाखेनं बंद केलेले. लाख काळी पडली होती, तिला चिरा गेल्या होत्या. तिच्यावर मिस्त्रीच्या बापाच्या अंगठ्याचा ठसा होता.

"मरायच्या आधी त्यांनी माझा हात इथं ठेवून घेतला होता," मिस्त्री म्हणाला. "म्हणाले, हे दोन स्क्रू मी बसवलेत. पातं बदल, दांडा बदल, काय वाटेल ते कर. हे उघडू नकोस. शब्द दे. मी दिला."

"पण का उघडू नको?" सुनेनं विचारलं.

"का म्हणजे?"

"कारण काय सांगितलं त्यांनी?"

चाळीस वर्षांत मिस्त्रीला हा प्रश्न पडला नव्हता. "वडिलांना का विचारायची पद्धत नव्हती."

"म्हणूनच तुमच्या घरातली घड्याळं मागे पडायची." आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली, जी बघून सासू डबे मोजायला घेत असे. "बाबा, शब्द कुणी दिला?"

"मी."

"मी दिलाय?"

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"मग झालं तर! तुम्ही उघडूच नका. तुम्ही बघूही नका. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मी परकी पोर, मला काय ठाऊक, मी चुकून उघडते."

मिस्त्री हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सावकाश उठला, बाकाला वळसा घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

सुनेनं सुईसारखी टोकदार सळई तापवली. लाखेला टेकवताच चर्र झालं, जळका वास सुटला.

"काय दिसतंय?" भिंतीकडून आवाज आला.

"अजून काही नाही."

लाखेचे तुकडे सुटत गेले. अंगठ्याच्या ठशाचा तुकडा तिनं फडक्यावर वेगळा ठेवला.

"आता?"

"बाबा, तुम्ही बघणार नव्हतात ना?"

"बघत नाहीये. विचारतोय."

पहिला स्क्रू कण्हत फिरला. दुसऱ्याला नवऱ्यानं हात लावला. बैठक उचलली तेव्हा खालून चिकचिक आवाज आला, काहीतरी चिकटलेलं सुटल्यासारखा. सुनेनं रंधा उजेडाकडे धरला. डाव्या अंगाला तेलकट, तपकिरी लगदा होता. सळईनं तिनं तो अलगद उचलला. बराचसा चिखल झाला होता. पण मधला एक तुकडा शाबूत निघाला, घडी घातलेला. तिनं घडी उलगडली. टोपी घातलेलं अर्धं तोंड, एक मिशी, आणि कोपऱ्यात लाल चौकट.

"अगं बाई," सासू म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "हा तर पत्त्यांतला गुलाम!"

मिस्त्री गर्रकन वळला. शब्द गेला उडत. दोन ढांगांत बाकाशी आला आणि तुकडा तळहातावर घेतला.

"चौकट गुलाम," तो म्हणाला. "आमच्या घरी एकावन्न पत्त्यांनी खेळायचे. चौकट गुलाम मी हरवला म्हणून मला बडवलं होतं. लाकडाचा रूळ मोडला पाठीवर. मी आठ वर्षांचा. शप्पथ घेऊन सांगत होतो, मी नाही हो घेतला, मी नाही हो घेतला." त्यानं वर पाहिलं. "आणि हा इथं!"

"पण रंध्यात पत्ता कशाला?" मुलानं विचारलं.

उत्तर सुनेनं शोधलं. तिनं बैठक नुसतीच, पत्त्याशिवाय, जागेवर ठेवली आणि बोटानं टोचली. बैठक डुगडुगली. तीन पाय जमिनीला आणि एक अधांतरी, अशी डुगडुगली. "कारखान्यातूनच वाकडी आलीय. आजोबांनी नवा रंधा घेतला आणि तो फुसका निघाला. गावभर मिरवून झालं असणार. मग सांगायचं कुणाला? पत्त्याची घडी घातली खाली, आवळलं, वरून लाख. वर हुकूम, उघडू नका."

"म्हणजे माझा बाप फसला," मिस्त्री हळूहळू म्हणाला, "ते झाकायला पत्ता घातला, पत्ता झाकायला मला मारलं आणि मार झाकायला शब्द घेतला."

सासूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लबाड!" मिस्त्री म्हणाला, आणि मग त्याला हसू फुटलं. असं फुटलं की स्टुलावर बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसला. "काय लबाड माणूस! आणि साठ वर्षं चालवला हो पत्त्यावर! कुणाला पत्ता लागला नाही!" मग एकदम थांबला. "पण मग आत्ताच का सडला?"

आता मुलगा छताकडे बघायला लागला.

"काय रे?"

"गेल्या महिन्यात," तो म्हणाला, "रंध्याला डिंक चिकटला होता. म्हटलं, बाबांना कशाला त्रास... रात्रभर रॉकेलच्या घमेल्यात बुडवून ठेवला होता. स्वच्छ निघाला होता."

"अख्खा?"

"अख्खा."

सासूनं कपाळावर हात मारला. "वडिलांची सेवा करायला गेला आणि आजोबांना बुडवून आला!"

गुरुवारी नवीन पत्ता घालायचा नाही, बैठकच सरळ करायची, असं मिस्त्रीनं जाहीर केलं. त्यासाठी सपाट काच हवी. घरात सपाट काच एकच होती, सासूचा आरसा.

"मुळीच नाही."

"आई, काचपेपर वर चिकटवायचा, काचेला चरासुद्धा पडत नाही."

"तोंड बघायचं वय गेलं माझं, पण आरसा माझा आहे."

शेवटी आरसा मिळाला तो एका अटीवर: ती स्वतः शेजारी बसून राखण करणार. बसली. सून बैठकीचा तळ काचपेपरवर घासायला लागली. थोडं घासायचं, मग रंध्याच्या आतल्या जागेला दिव्याची काजळी फासायची, बैठक ठेवून दाबायची, उचलून बघायचं. जिथं काळं लागलं तो उंचवटा. तो पुन्हा घासायचा. पहिल्यांदा काळं फक्त तीन टिंबांना लागलं. दहा वेळा घासल्यावर टिंबांचे ठिपके झाले.

"अगं, वाकडी घासतेयस," सासू म्हणाली. "हात एकीकडे दाबतेयस. सरक."

"आई, हे सुतारकाम आहे."

"आणि चाळीस वर्षं या घरातल्या कढया कुणी घासल्या, सुतारांनी? सरक म्हणते ना!"

तिनं पदर खोचला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत घासायला लागली, ना इकडे जोर, ना तिकडे. मिस्त्री बघतच राहिला. दर वेळी बैठक उचलली की चौघं काजळी बघायला वाकत. नाकांना काळं लागलं. सुनेनं आपल्या बोटाची काजळी नवऱ्याच्या मिशीला जोड म्हणून लावली, ते त्याला संध्याकाळी दाढी करतानाच कळलं. रंध्याच्या आतल्या जागेचा एक कोपरा जरा उंच होता. तो मिस्त्रीनं स्वतः कानशीनं उतरवला, श्वास धरून, एका वेळी दोन-दोन हात. राखाडी चुरा मांडीवर पडत होता. बोटं आखडली की झटकायचा, पुन्हा सुरू. दिवस कलताना काळं सगळीकडे सारखं लागलं. स्क्रू आवळले. तेलाचा थेंब सोडला, डावा कोपरा दाबला.

तेल हललं नाही.

सुनेनं दहा वेळा दाबलं, मुद्दाम. तेल मेल्यासारखं पडून राहिलं. "बघू, मारून बघू लगेच," ती म्हणाली.

"आता उजेड गेला," मिस्त्री म्हणाला. "उद्या."

उजेड चांगला होता. पण कुणी वाद घातला नाही.

शुक्रवारी सकाळी बाकावर फळी लागली, रंधा तिच्यावर ठेवला गेला आणि मिस्त्रीला एकाएकी शंभर कामं आठवली. त्यानं पेन्सिलीला टोक केलं. करवती खुंटीवर लावल्या. मग झाडू घेतला आणि बाकाखालचा भुसा काढायला लागला.

"अहो, झाडू मारायची हौस कधीपासून?" सासू म्हणाली. "मी आजारी होते तेव्हा नाही सुचलं ते!"

तो हसला नाही. झाडू भिंतीला टेकवला आणि सुनेला म्हणाला, "तू मार, पोरी. तूच शोधलंस. पहिला हात तुझा."

सुनेचे तळहात शिवशिवत होते. काल रात्रभर तिनं स्वप्नात रंधा मारला होता. ती पुढे झालीसुद्धा. आणि मग तिला त्याचा चेहरा दिसला. कालपर्यंत दोष घ्यायला रंधा होता. आता रंधा सुटला होता. आता फळीवर लाट उठली असती तर ती कुणाच्या नावावर जाणार, हे त्याच्या मानेच्या शिरांना ठाऊक होतं. बिघडलेला रंधा हा त्याचा आडोसा होता आणि तो तिनं हौसेनं, हसत-खेळत पाडला होता.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुठली युक्ती सुचेना. मग तिनं जे खरं होतं तेच सांगितलं.

"बाबा, मला बघायचंय."

"काय?"

"काय होतं ते. तुमच्या हातात. तुम्हाला नाही बघायचं?"

मिस्त्री रंध्याकडे बघत राहिला. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी लांब जाऊन थांबली.

"बघायचंय," तो म्हणाला. "आईशप्पथ, बघायचंय."

त्यानं रंधा उचलून फळीच्या टोकाला टेकवला. हात थरथरत होता. लोखंड लाकडावर टकटकटक वाजलं. मुलगा पुढे सरकला, सुनेनं त्याची बाही धरली. मिस्त्रीनं डावा पाय मागे नेला, अंगाचा भार पुढे टाकला. टकटक थांबली.

सर्रर्र.

फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सालपट निघालं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ, गुंडाळत गुंडाळत त्याच्या मनगटावरून खाली पडलं. त्यानं दुसरा हात मारला. तिसरा. सून फळीला गाल लावून बघत होती. लाट नव्हती. बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागलं नाही, जणू बोटच नाही.

टोकाशी रंधा उचलला तशी हाताची थरथर परत आली. मिस्त्रीनं हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. पहिल्यांदाच त्यानं तो कुणापासून लपवला नाही. "ढकलताना नसते," तो म्हणाला, तेलाबद्दल बोलावं तसा. "रिकामा झाला की येते. गंमत आहे."

मग त्यानं दुसरी फळी घेतली, पट्टी ठेवली, पेन्सिल टेकवली. रेघ साप चालल्यासारखी गेली. त्यानं पुसली, पुन्हा आखली. पुन्हा साप. सगळे दुसरीकडे बघायला लागले. मिस्त्रीनं पेन्सिल मुलापुढे धरली.

"रेघेला माझा हात चालत नाही," तो म्हणाला. "तू आख. मारतो मी."

मुलानं पेन्सिल घेतली. त्यानं आयुष्यात इतकी जपून रेघ आखली नव्हती. जीभ बाहेर काढून आखली.

गिरणीवाला आला तेव्हा दुसऱ्या फळीची कड होत आली होती. भुवयांना पीठ, खिशात पट्टी. "काय मिस्त्री, ऐकलं ते खरं का? म्हणे रंध्यात पत्ते खेळत होतात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

गिरणीवाल्यानं सासूकडे पाहिलं. सासू दाराच्या कडीला तेल लावायला लागली, जिला तेलाची काही गरज नव्हती.

मिस्त्रीनं दोन्ही फळ्या कडेवर कड ठेवून उभ्या केल्या, ना डिंक, ना खिळा. गिरणीवाल्यानं त्या दाराच्या उजेडाकडे धरल्या. एक डोळा मिटून सांध्याला लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. दुसरा डोळा लावला. पुन्हा सरकला. फळ्यांना भुवयांचं पीठ लागलं.

"काय दिसतंय?" सुनेला राहवेना.

"काहीच नाही."

"नीट बघा."

"अगं बाई, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. उजेडाचा कण येत नाही, अंधार आहे नुसता."

मिस्त्रीनं मान वर केली नाही. त्यानं तिसरी फळी शिकंज्यात लावली होती, दांडा फिरवून आवळली होती, आणि हात रंध्यावर ठेवून मुलाची वाट बघत होता.

"आख," तो म्हणाला.